न भरलेली टाळू : अकालजरा आणि अस्थींची साक्ष



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा क्ष-किरण चित्रे वाचण्याचा एक शिरस्ता होता. चित्राच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव व वय लिहिलेले असे, त्यावर ते प्रथम आपला अंगठा ठेवीत आणि समोरच्या विद्यार्थ्याला विचारीत, "हे हाड किती वर्षांचे?" विद्यार्थी चाचरत काही उत्तर देई, मग अंगठा बाजूला होई, आणि पुष्कळदा असे दिसून येई की कागदावरचे वय आणि हाडावरचे वय यांचा मेळ बसत नाही. हाडालाही वय असते, ते वाचता येते, आणि दाखल्यातली जन्मतारीख त्याला बंधनकारक नसते, एवढी गोष्ट त्यांनी आम्हाला अशा रीतीने शिकवली की ती पुढे चाळीस वर्षे अस्थिशल्यक्रिया करताना मला कधी विसरता आली नाही. आजचा विषय त्या अंगठ्याखाली झाकलेल्या वयाचाच आहे. बालवयातच वार्धक्याचे रूप घेऊन येणारे जे विकार आहेत, त्यांत हाडे, सांधे आणि स्नायू यांची गत काय होते, आणि ती गत पाहिल्यावर 'अकालवार्धक्य' हा शब्द कितपत टिकतो, हे मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

शब्दापासूनच आरंभ करतो. आपल्याकडे हा विचार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्याधींचे वर्गीकरण करताना भूक, तहान, निद्रा, जरा आणि मृत्यू यांना देहस्वभावातूनच उद्भवणाऱ्या व्याधींत जागा दिलेली असून त्यांचे कालज व अकालज असे दोन भेद केले आहेत : देहाची नीट राखण करूनही योग्य वेळी येते ती कालज जरा, आणि राखण न केल्यामुळे अवेळी येते ती अकालज. हा भेद मोठा मार्मिक आहे. परंतु त्यातील दुसऱ्या अर्ध्या भागाने, म्हणजे 'राखण न केल्यामुळे' या शब्दांनी, अशा मुलांच्या आयांवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय केला असावा असे मला वाटते. ज्या रोगाविषयी मी बोलणार आहे त्यात कोणाच्याही राखणीत कसूर झालेली नसते. डोहाळे पुरवले नाहीत, ग्रहण पाळले नाही, अमुक खाल्ले, तमुक पाहिले, या सगळ्या कैफियती येथे निराधार आहेत. राहता राहिली ययातीची कथा. वार्धक्याचा आणि तारुण्याचा विषय निघाला की मराठी वक्त्याने ययातीचे नाव घ्यावे अशी वहिवाटच पडून गेली आहे. पण पुरूने पित्याची जरा स्वेच्छेने स्वीकारली होती आणि ती मुदतीनंतर परतही गेली, तेव्हा त्या कथेचा आजच्या विषयाशी संबंध नाममात्रच म्हणावा लागेल.

इसवी सन १८८६ मध्ये लंडनचे सुप्रसिद्ध शल्यवैद्य जोनाथन हचिन्सन यांनी केसांचा अभाव आणि कातडीचा विलक्षण शोष असलेल्या एका मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे रेडिंग येथील हेस्टिंग्ज गिलफर्ड यांनी याच प्रकाराचा पाठपुरावा केला आणि १९०४ साली ग्रीक भाषेतील 'जरा' या अर्थाच्या शब्दावरून त्यास 'प्रोजेरिया' हे नाव दिले. एक गोष्ट येथे आवर्जून सांगतो, कारण तिच्यावर माझ्या आजच्या सर्व प्रतिपादनाचा भार आहे. गिलफर्ड यांनी त्याच वर्षी जो निबंध लिहिला त्यात त्यांनी दोन अवस्था शेजारी शेजारी ठेवल्या होत्या : एक अखंड बाल्याची आणि दुसरी अकाली वार्धक्याची. कालांतराने जगाने त्यांतील दुसरी तेवढी ध्यानात ठेवली. चेहरा पाहणाऱ्याच्या दृष्टीने ते साहजिकच होते. मात्र अस्थी पाहणाऱ्याला पहिल्या अवस्थेचाही सारखा प्रत्यय येत राहतो.

हे मूल जन्मते तेव्हा इतर मुलांसारखेच असते. पहिल्या वर्षात वजन वाढेनासे होते, कातडी ताठर वाटू लागते, आणि दुसऱ्या वर्षाच्या सुमारास केस, भुवया, पापण्या विरळ होऊन गळू लागतात. त्वचेखालची चरबी विरघळून जाते, त्यामुळे डोक्यावरच्या शिरा उठून दिसतात, डोळे मोठे वाटतात, नाक चोचीसारखे होते. उंची कशीबशी एक मीटरच्या आसपास येऊन थांबते. २००९ साली निघालेल्या 'पा' या हिंदी चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी अशाच मुलाची भूमिका केली आणि त्या रंगभूषेमुळे आपल्याकडे घराघरांत या रोगाचे नाव पोहोचले. परंतु सहा फुटांहून उंच नटाने ती भूमिका केल्यामुळे प्रेक्षकांच्या मनावर ठसला तो चेहरा, आणि लहानखुरा सांगाडा मात्र दृष्टीआडच राहिला, ही माझी जुनी तक्रार आहे. सुमारे ४० ते ८० लाख जन्मांमागे एक, इतका हा रोग दुर्मीळ आहे.

आता त्या सांगाड्याकडे वळू. आपल्या घरांत तान्ह्या मुलाची टाळू भरण्याचा जो प्रघात आहे, तो येथे बसलेल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. रोज न्हाऊ घालताना तेलात बोटे बुडवून टाळूवर थापायची, आणि दीड-दोन वर्षांत ती मऊ जागा कवटीची हाडे जवळ येऊन बुजली की मूल 'सुटले' म्हणायचे. प्रोजेरिया झालेल्या मुलाची ही टाळू वर्षानुवर्षे बुजत नाही. कल्पना करा, डोक्यावर एकही केस उरलेला नाही, कातडीवर सुरकुत्या आहेत, पाहणाऱ्याला ऐंशी वर्षांच्या आजोबांचा भास होतो, आणि त्याच डोक्याच्या मध्यावर बोट ठेवले तर तान्ह्या बाळाची टाळू हाताला लागते! कोणत्या वृद्धाची टाळू उघडी असते? दुधाचे दात उशिरा येतात, उशिरा पडतात, आणि खालचा जबडा इतका तोकडा राहतो की मागून येणाऱ्या दातांना ओळीत उभे राहण्यास जागाच मिळत नाही. ही लक्षणे झिजलेल्या अस्थीची नव्हेत. इमला जुना होऊन खचावा तसा हा प्रकार नसून, गवंडी अर्ध्यावर काम सोडून निघून गेला असावा तसा आहे.

परंतु लगेच मला माझेच म्हणणे थोडे आवरते घ्यावे लागते, कारण याच सांगाड्यात झीजही आहे. बोटांची शेवटची पेरे हळूहळू विरघळतात, त्यामुळे बोटांची टोके आखूड व बोथट होतात. गळ्याखालून खांद्याकडे जाणारे जे आडवे हाड, ज्यास आपण जत्रुक म्हणतो, ते खांद्याच्या बाजूने विरत जाते, आणि खांदे अरुंद होऊन खाली उतरतात. फासळ्या बारीक होतात. म्हणजे एकाच देहात काही हाडे पूर्णत्वास जात नाहीत, तर काही हाडे घडून झाल्यावर नाहीशी होतात, आणि ही दोन्ही कामे शेजारी शेजारी चालू असतात. या नाहीशा होण्यालाही वार्धक्य म्हणता येत नाही, कारण नव्वदीच्या माणसाच्या अंगावरही जत्रुक शाबूत असते.

खुब्याचे उदाहरण तर मला सर्वांत बोलके वाटते. मांडीच्या हाडाला वरच्या टोकाशी एक तिरपी मान असते, आणि तिच्यावर खोबणीत फिरणारा गोल बसलेला असतो. जन्मतः ही मान हाडाच्या दांड्याशी फार मोठा, १५० अंशांच्या जवळपासचा, कोन करून जवळजवळ सरळ उभी असते. मूल रांगू लागते, उभे राहते, चालते, धावते, आणि देहाचा भार व स्नायूंची ओढ यांच्या नित्याच्या संस्काराने ती हळूहळू वाकत जाऊन प्रौढपणी १२५ ते १३० अंशांवर स्थिरावते. चालण्याने हाड घडते ते असे. प्रोजेरियाच्या मुलांत हा संस्कार हाडावर उमटतच नाही. मान तान्हेपणीच्या कोनातच उभी राहते, वरची खोबण उथळ राहते, आणि वाढत्या वयाबरोबर गोल खोबणीतून बाहेर सरकू पाहतो. मग मूल तोल सावरण्यासाठी पाय फाकवून, घोड्यावरून नुकतेच उतरल्यासारखे, पावले घाशीत चालू लागते. कधी त्या गोलाचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो आतून मरतो. एरवी माझ्यासारखा माणूस अशा वेळी सुरी हाती घेण्यास उतावीळ असतो. परंतु आखूड जबड्यामुळे भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे कठीण, रक्तवाहिन्या आतून कठीण झालेल्या, कातडीला लवचीकपणा नाही, अशा देहावर खुब्याची शस्त्रक्रिया करणे हे मोठ्या जबाबदारीचे काम आहे, आणि बहुतेक ठिकाणी व्यायाम व आधार यांवरच भर दिला जातो. तो योग्यच आहे.

२०११ साली बॉस्टन येथील संशोधकांनी या मुलांच्या हाडांची बारकाईने मोजणी करून जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते वाचून मला गुरुजींच्या अंगठ्याची आठवण झाली. हाडांतील खनिजांची घनता, मुलांच्या खुज्या उंचीचा हिशेब धरून मोजली असता, अपेक्षेहून थोडीच कमी भरली. म्हातारपणी होणाऱ्या अस्थिविरळतेचे ते चित्र नव्हते. बिघाड होता तो हाडाच्या घडणीत, त्याच्या आडव्या छेदाच्या आकारात, आणि त्यामुळे वाकण्यास प्रतिकार करण्याच्या त्याच्या सामर्थ्यात. आणि आश्चर्य असे की, ही हाडे मोडण्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा विशेष जास्त नव्हते! ज्या वार्धक्यात पाय घसरून खुब्याचे हाड मोडणे हा जवळजवळ नियम, त्याचे नाव ज्या रोगाला दिले, त्या रोगात हाड सहसा मोडत नाही. त्या संशोधकांनी आपल्या निबंधाच्या मथळ्यातच या रोगाला अस्थिघडणीचा विकार म्हटले, आणि माझ्या मते शंभर वर्षांपूर्वी दिलेल्या नावाची ती रीतसर दुरुस्ती होती.

सांध्यांविषयी लोकांचा फार गैरसमज असतो. गुडघा सरळ होत नाही, कोपर वाकलेले राहते, बोटे मिटून बसतात, घोटा आखडतो, हे पाहून नातेवाईक 'एवढ्याशा पोराला संधिवात' असे म्हणतात. संधिवातात सांधा सुजतो, तापतो, दुखतो. येथे सांध्याच्या आत असे काही पेटलेले नसते. सांध्याभोवतीच्या कंडरा, आवरणे आणि कातडी हीच जाड व ताठर होऊन सांध्याला बांधून टाकतात. ओल्या कातड्याचे जोडे घालून ते अंगावरच वाळू द्यावेत, तसा काहीसा प्रकार. म्हणून सूज उतरवणाऱ्या औषधांचा येथे फारसा उपयोग नाही; सांधे रोज ताणणे, कोमट पाण्यात पोहणे, हात मोकळे ठेवणे, आणि हे सर्व आखडणे सुरू होण्यापूर्वीच आरंभणे, हाच खरा बंदोबस्त. तळपायाखालची चरबीची गादी नाहीशी झाल्यामुळे चालताना हाड थेट जमिनीवर टेकते, आणि म्हणून बुटात मऊ अस्तर घालावे लागते. ऐकायला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण मूल शाळेत चालत जाणार की उचलून न्यावे लागणार, हे पुष्कळदा त्या अस्तरावर ठरते.

हे सगळे कशाने होते? २००३ साली अमेरिकेत फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटाने आणि फ्रान्समध्ये मार्सेय येथील निकोला लेव्ही यांच्या गटाने याचे मूळ शोधून काढले. पेशीच्या केंद्रकाला आतून एक जाळीदार अस्तर असते, ते ज्या प्रथिनांचे बनते त्यांतील एकाचे नाव 'लॅमिन ए'. त्या प्रथिनाच्या जनुकात १८२४ व्या स्थानावर एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येते. गंमत अशी की, या बदलाने त्या शब्दाचा अर्थ बदलत नाही. पूर्वीही तेथे ग्लायसिन हेच अमिनो आम्ल सांगितलेले होते, नंतरही तेच. मग बिघडले कुठे? ज्यांनी पेशवे दप्तरातील मोडी कागद हाताळले आहेत त्यांना हे चटकन उमजेल. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. कुठे तोडायचे हे वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे. आता अशा कागदावर एका अक्षराचे वळण किंचित चुकले, अक्षर वाचता आले तेच, पण त्या वळणामुळे नक्कल करणाऱ्या कारकुनाला वाटले की येथे वाक्य संपले, आणि त्याने पुढच्या दोन ओळी गाळून नक्कल केली, तर जे होईल तेच पेशीत होते. प्रथिनातील ५० अमिनो आम्लांचा एक तुकडा गळतो. दुर्दैव असे की, नेमक्या त्या गाळलेल्या मजकुरातच 'काम झाल्यावर परांची उतरवावी' हा हुकूम होता. लॅमिनला केंद्रकाच्या आवरणापर्यंत नेण्यासाठी जी स्निग्ध शेपटी जोडलेली असते ती एरवी कापून टाकली जाते. येथे ती कापण्याची जागाच उरत नाही, आणि हे सदोष प्रथिन, ज्यास 'प्रोजेरिन' म्हणतात, आवरणाला चिकटून बसते. केंद्रकाचा गोल सुरकुततो, त्याला फुगवटे येतात. हा दोष बहुधा आईवडिलांच्या अंगी नसतो, त्या एका गर्भातच तो नव्याने उत्पन्न होतो. आयांना बोल लावणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा ऐकावे.

प्रत्येक पेशीत हे जनुक आहे, तर मग हाड, सांधा, स्नायू यांवरच एवढा रोष का, हा प्रश्न मला कितीतरी दिवस छळत असे. त्याचे एक सुंदर उत्तर २०१३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून आले. निरनिराळ्या ऊतींतील लॅमिन एचे प्रमाण मोजले असता, ऊती जितकी ताठ आणि भार सोसणारी तितके हे प्रथिन अधिक, असे आढळले : मऊ मेंदूत अगदी थोडे, स्नायूत बरेच, हाडात भरपूर. म्हणजे हे अस्तर म्हणजे भार पेलणाऱ्यांचे चिलखत आहे, आणि चिलखतच सदोष निघाले तर प्रथम पडतात ते आघाडीवरचे शिपाई. मेंदूच्या पेशींत तर या प्रथिनाची निर्मिती मुळातच दाबून ठेवलेली असते, म्हणून या मुलांची बुद्धी वयाला साजेशी तल्लख राहते. इतर वृद्धांना जे विस्मरण गाठते ते यांना गाठत नाही. आपल्या देहाचे काय चालले आहे हे मुलाला पूर्णपणे समजत असते, ही गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकात अनुकूल लक्षण म्हणून नोंदलेली असते. आईबापांना ती कशी वाटत असेल, ते सांगण्याचा अधिकार मला नाही.

स्नायूंचे प्रकरण वेगळ्या वळणाने जाते. हातापायांचे स्नायू कृश असतात, चरबी नसल्याने अधिकच कृश दिसतात, तरीही ही मुले चपळ असतात, धावतात, खेळतात. याच लॅमिनच्या जनुकातील दुसऱ्या दोषांनी स्नायुक्षयाचा एक स्वतंत्र रोग होतो, ज्यात कोपरे व टाचा लहानपणीच आखडतात. त्या दोषांचा शोध १९९९ साली, म्हणजे प्रोजेरियाच्या दोषाच्या आधी लागला होता. पण प्रोजेरियात जीव घेणारा स्नायू दंडातला नव्हे, रक्तवाहिनीच्या भिंतीतला. रोहिणीच्या भिंतीतील मृदुस्नायूंच्या पेशी प्रत्येक ठोक्याला ताण सोसतात, आणि त्याच भराभर मरतात. भिंत ताठर होते, आणि उपचार न मिळाल्यास सरासरी साडेचौदा वर्षांच्या सुमारास हृदयविकाराने वा पक्षाघाताने शेवट होतो.

१९०४ हे वर्ष या इतिहासात दोनदा येते. ज्या साली गिलफर्ड यांनी नाव दिले, त्याच साली जर्मनीत कील येथे ओटो वेर्नर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात चार भावंडांचे वर्णन केले, ज्यांना तरुणपणीच मोतीबिंदू आणि कातडीचा ताठरपणा आला होता. हा विकार प्रौढांचा. पहिली खूण किशोरवयातच पडते, आणि तीही हाडांतच : वयात येताना मुले एकदम उंच होतात ती उंचीची झेप येथे येतच नाही. विशीत केस पिकतात, तिशीत मोतीबिंदू होतो, आवाज बारीक व घोगरा होतो. धड भरलेले आणि हातपाय काटकुळे, अशी ठेवण बनते, कारण हातापायांचे स्नायू चाळिशीपूर्वीच ओसरू लागतात. टाचेमागच्या जाड कंडरेत चुन्याचे खडे साचतात, आणि घोट्यांभोवती अशा जखमा होतात की त्या वर्षानुवर्षे भरत नाहीत. अस्थिविरळता येथे खरोखरच आहे. पण तीही उलटी! सामान्य वार्धक्यात प्रथम पाठीचे मणके पोकळ होतात, येथे पायांची लांब हाडे. १९९६ साली या रोगाचे जनुक सापडले, ते गुणसूत्रांचे धागे उलगडून दुरुस्त करणाऱ्या विकराचे निघाले. जगात नोंदलेल्या रुग्णांपैकी बहुसंख्य जपानमधील आहेत. पन्नाशीच्या मध्यावर कर्करोग किंवा हृदयविकार यांनी अंत होतो. प्रोजेरियाच्या मुलांत कर्करोग जवळजवळ दिसतच नाही, मोतीबिंदूही नाही. दोन्ही रोगांना अकालवार्धक्य म्हणायचे, आणि दोघांचे वार्धक्य एकमेकांशी जुळत नाही, वृद्धांशी तर त्याहून नाही. २०११ साली स्पेनमध्ये वर्णिलेल्या तिसऱ्याच एका प्रकारात हाडे प्रोजेरियाहूनही भयंकर रीतीने विरघळतात, पण हृदय सुरक्षित राहते आणि माणूस अधिक वर्षे जगतो. हाड आणि रक्तवाहिनी यांची नशिबे अशी सुटी करता येतात, हे त्या प्रकाराच्या दोन रुग्णांनी जगाला दाखवले.

औषधांविषयी थोडक्यात सांगतो. चिकटून राहिलेली स्निग्ध शेपटी मुळात जोडूच द्यायची नाही, या कल्पनेवर 'लोनाफार्निब' नावाचे, कर्करोगासाठी तयार झालेले औषध या मुलांना देऊन पाहण्यात आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत काही मुलांचे वजन वाढले, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला, आणि हाडांचा कणखरपणाही सुधारला. २०१८ साली औषध घेणाऱ्या व न घेणाऱ्या प्रत्येकी २७ मुलांची तुलना झाली, तेव्हा सुमारे सव्वादोन वर्षांत पहिल्या गटात एक आणि दुसऱ्यात नऊ मृत्यू नोंदले गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास मंजुरी दिली. मधल्या काळात त्याच्या जोडीला, अस्थिविरळतेवर आपण वृद्ध स्त्रियांना देतो ते झोलेड्रोनेटही देऊन पाहिले. हाडांची घनता वाढली, हृदयाला मात्र अधिक लाभ झाला नाही. आणि २०२१ साली उंदरांत ते चुकलेले एक अक्षरच जागेवर दुरुस्त करण्याचा प्रयोग झाला, तेव्हा २१५ दिवस जगणारे उंदीर ५१० दिवस जगले.

शेवटी एका मुलाविषयी बोलतो, जो स्वतःच जगासमोर येऊन बोलला, म्हणून त्याचे नाव घेण्यास संकोच नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचा सॅम बर्न्स. त्याच्या निदानानंतर त्याच्या डॉक्टर आईवडिलांनी १९९९ साली या रोगाच्या संशोधनासाठी संस्था काढली, आणि त्या संस्थेच्या पाठपुराव्यातूनच वर सांगितलेले जनुक व औषध हाती आले. त्याला आपल्या शाळेच्या संचलनातील वाद्यवृंदात ढोलके वाजवायचे होते. ते वाद्य आपल्या ताशाच्या जातीचे, पण ते खांद्यांवरून अडकवलेल्या चौकटीवर बसवतात, आणि ढोलके व चौकट मिळून वजन सुमारे ४० पौंड, म्हणजे १८ किलो; सॅमचे स्वतःचे वजन सुमारे ५० पौंड. आपल्याकडे मिरवणुकीत कमरेला ढोल बांधून तासन्‌तास नाचणारी धट्टीकट्टी मुले दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पाठ धरून येतात, तेव्हा या हिशेबाचा अर्थ मला नीट समजतो. त्याच्या आईवडिलांनी एका अभियंत्याला गाठले. त्याने तो खुजा बांधा पाहून मापे घेतली, आणि अवघ्या ६ पौंडांत चौकटीसह संपूर्ण वाद्य तयार करून दिले. मैदानावर, खेळाच्या मध्यंतरात, सॅम ते अडकवून इतरांच्या ओळीतून वाजवीत चालला. २०१३ च्या ऑक्टोबरात त्याने एका व्यासपीठावरून ही हकीकत स्वतः सांगितली, त्या वेळी तो नुकताच सतरा वर्षांचा झाला होता. पुढच्या जानेवारीत तो गेला. त्या भाषणात तो वाद्यवृंदाविषयी बोलला, अभियंत्याविषयी बोलला, आणि आपल्या खांद्यांविषयी काही बोलला नाही.